बंडू कपाटावर, चिंगी सोफ्यावर: आता काय करायचं?

पत्र:

ताई नमस्कार, आम्ही वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहतो, जुनं घर आहे, घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि नववीतला मुलगा. आमचा बंडू सहा वर्षांचा बोका, ऑपरेशन झालेलं, दिवसभर झोपाळ्यावर सासूबाईंच्या शेजारी. मागच्या रविवारी मुलाने क्लासच्या पार्किंगमधून एक पिल्लू उचलून आणलं, दोनेक महिन्यांचं असेल, काळा-केशरी-पांढरा असे तीन रंग, नाव चिंगी ठेवलंय पण बोका की भाटी ते कळत नाही. आणल्याबरोबर दोघांना समोरासमोर धरून ओळख करून दिली तर बंडूने फिस्कारून पंजा मारला, मुलगा मध्ये गेला तर त्यालाच चावला. तेव्हापासून बंडू कपाटावर, खातो पण अर्धंच, परवा मिस्टरांच्या गादीवर शू केली. मी फिनाईलने पुसून पुसून थकले. चिंगी मात्र बिनधास्त घरभर फिरते, दूध देतेय तर जुलाब होताहेत. सासूबाई म्हणतात भांडून भांडून होईल सवय, मिस्टर म्हणतात होतं तिथे सोडून ये. दोघांचं जमेल का? किती दिवस लागतील? त्यात उत्तरायण, इथला पतंगांचा सण, तोंडावर आलंय आणि फेब्रुवारीत चार दिवस पुण्याला लग्नाला जायचंय.

उत्तर:

मांजरांचं नंतर, आधी मुलाचा हात. बंडू चावला असं लिहिलंत आणि पुढच्याच वाक्यात कपाटावर पोचलात, अहो तो हात कसा आहे आता? मांजराचे सुळे बारीक असतात, वरून दोन टिंबं दिसतात पण जखम आत खोल गेलेली असते आणि तोंडातले जंतू तिथेच बंद होतात, म्हणून मांजराचा चावा कुत्र्याच्या चाव्यापेक्षा जास्त वेळा पिकतो. सूज असेल, लाल असेल, बोट वाकवताना दुखत असेल तर आजच दाखवा. आणि काहीच दिसत नसेल तरी रेबीजच्या लसीचं डॉक्टरांना विचाराच, कारण बंडूची लस दर वर्षी होते का ते तुम्ही लिहिलं नाहीत आणि पार्किंगमधल्या पिल्लाबद्दल तर आपल्याला काहीच माहीत नाही, चिंगीने कुणाला ओरखडलं असेल तर तेही सांगा. सयाजी हॉस्पिटल तुम्हाला जवळच आहे. आठवडा झाला आता काय जायचं, असं म्हणू नका, उशीर झाला तरी जायचं असतं. आणि पुढे कधी असं झालं तर आधी वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि त्यावर हळद, चुना, तिखट असलं काही भरायचं नाही.

आता बंडूची शू. मिस्टर चिडले असतील ते समजू शकते पण हा सूड-बिड नाही हो, मांजरं असा हिशोब ठेवत नाहीत. एक तर तो घाबरलाय आणि त्याच्या लिटर बॉक्सपर्यंत जायच्या वाटेत चिंगी बसलेली असते, किंवा टेन्शनमुळे त्याच्या मूत्राशयाला सूज आलीय, हे मांजरांमध्ये खरंच होतं. बोक्यांची लघवीची नळी अरुंद असते, ती कधी कधी तुंबते. म्हणून दोन दिवस नीट लक्ष ठेवा: बंडू सारखा सारखा लिटरमध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय, ओरडतोय, आणि बाहेर थेंब-दोन थेंब किंवा काहीच नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री मिळेल त्या व्हेटकडे पळायचं, तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. लघवीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं. खाण्याचंही तसंच, अर्धं खातोय तोवर ठीक, पण पूर्ण एक दिवस तोंडच लावलं नाही तर डॉक्टर, कारण मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन साठते आणि मग ते निस्तरायला फार जड जातं, त्यातून बंडू गुबगुबीत असेल (झोपाळ्यावर सहा वर्षं बसून काय होणार) तर धोका अजून जास्त.

आणि ते फिनाईल आजपासून बंद करा प्लीज. फिनाईल, किंवा पाण्यात टाकल्यावर पांढरं होतं ते अँटिसेप्टिक, यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या लिव्हरला नीट मोडता येत नाहीत, माणसाच्या लिव्हरमध्ये जी सोय असते ती त्यांच्यात अगदी कमी असते, आणि ही मंडळी फरशीवरून चालणार आणि मग पंजे चाटणार. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते ती याच कारणामुळे, तेव्हा ताप वाटला म्हणून घरातलं औषध कधीच नाही. गादीला साधी कपड्यांची पावडर आणि पाणी, मग डिसेंबरचं छान ऊन, आणि पेट शॉपमध्ये एन्झाईम क्लीनर मिळतो तो आणून मारा, त्याने वास मुळातून जातो, नाहीतर आपल्याला येत नाही पण बंडूला येत राहतो आणि तो पुन्हा तिथेच जातो. आणि बेडरूमचं दार सध्या लावून ठेवा, सगळ्यात सोपा उपाय.

बरं, आता मुख्य मुद्दा. नाकाला नाक लावून ओळख करून देणं ही आपल्याकडे सगळीकडे चालणारी पद्धत आहे आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. कल्पना करा, रात्रीच्या गाडीत तुमचा रिझर्व्ह बर्थ आहे, सहा वर्षांपासून तुमचाच आहे, आणि डोळा उघडतो तर कुणीतरी अनोळखी तिथे पाय पसरून बसलंय आणि घरचेच तुम्हाला धरून म्हणताहेत, अरे ओळख करून घे की. पंजा नाही मारणार तर काय? मांजराचं सगळं जग जागेवर उभं असतं, आणि ती जागा आपली आहे हे ते वासावरून ओळखतं, म्हणूनच बंडू झोपाळ्याच्या कड्यांना, दाराच्या चौकटीला, तुमच्या पायांना गाल घासत फिरतो, गालातल्या ग्रंथींचा वास तिथे लावून ठेवतो. त्या वासाच्या घरात एकदम परका वास आला आणि तो सगळीकडे पसरला, झोपाळ्यावर पण, सोफ्यावर पण. म्हणून ओळख नाकापासून करायची, डोळ्यांची पाळी फार नंतर. आणि वेग ठरवणार बंडू, तुम्ही नाही, मुलगा नाही, आणि उत्साही चिंगी तर नाहीच नाही.

म्हणजे झालं ते झालं, आता पहिल्यापासून सुरू करायचं, जणू चिंगी आजच आलीय. बिघडलेलं असलं तरी यातून बहुतेक मांजरं सावरतात.

आज संध्याकाळपर्यंत चिंगीला एका खोलीत हलवा. बंडूची आवडती खोली नको, सासूबाईंची तर नकोच, मुलाची अभ्यासाची खोली चालेल, त्यानेच आणलीय तर त्याचाच पहारा. आत काय हवं: एका कोपऱ्यात खाणं-पाणी, त्याच्या लांबच्या कोपऱ्यात लिटर, लपायला आडवा टाकलेला एखादा खोका, नखं घासायला गोणपाट गुंडाळलेलं काहीतरी. दोन महिन्यांच्या पिल्लाला ते ओलं होऊन गोळा होणारं लिटर नको, पिल्लं ते खाऊन बघतात आणि पोटात त्याचा गोळा होऊ शकतो, लाकडाच्या भुशाचं किंवा कागदाचं आणा. वडोदऱ्याला रात्री आता बऱ्यापैकी गार असतं, तर रबराच्या पिशवीत कोमट पाणी भरून जाड टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्यात ठेवा. चिंगी रडेल, दाराशी ओरडेल, मुलगा म्हणेल आई बिचारी एकटी आहे. असू दे. दिवसातून चार-पाच वेळा जाऊन तिच्याशी खेळा, जेवायला घाला, अभ्यास तिथेच करू दे त्याला. एवढ्या लहान जिवाला एवढ्या मोठ्या जुन्या घरापेक्षा एक खोलीच बरी वाटते, जिन्याखाली आणि माळ्यावर हरवण्यापेक्षा.

दार बंद ठेवायचं दुसरं कारण तब्येत, आणि खरं सांगायचं तर मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. पार्किंगमधून आलेल्या पिल्लाबरोबर पिसवा, कानातले किडे, जंत, गजकर्ण (हे माणसांनाही होतं, मुलाच्या हातावर गोल चट्टा दिसला तर लक्षात ठेवा), आणि सगळ्यात वाईट म्हणजे पॅनल्यूकोपेनिया, मांजरांचा पार्व्हो म्हणतात तो, हे सगळं येऊ शकतं. त्याचा व्हायरस घरात वर्षभरसुद्धा टिकतो आणि साध्या फरशी पुसायच्या लिक्विडने मरत नाही, ब्लीच लागतं. पिल्लू वरून ठणठणीत दिसलं तरी लक्षणं दिसायला आठवडाभर, क्वचित दोन आठवडे जाऊ शकतात, म्हणून दोन आठवडे वेगळं. उलट्या, रक्ताचे जुलाब, एकदम मलूल, असं काही दिसलं तर तासाभरात निघायचं. चिंगी गेला आठवडा घरभर फिरलीय तेव्हा बंडूची लस अपटुडेट आहे का ते त्याच्या कार्डावर आजच बघा, राहिली असेल तर व्हेटला तसं स्पष्ट सांगा. चिंगीला हात लागला की साबणाने हात धुवून मगच बंडूला घ्यायचं, आणि भांडी, ट्रे वेगळे.

व्हेटकडे जाताना चिंगीची शी एका डबीत न्या, जंतांचे प्रकार त्यातून कळतात. मांजरांची तीन रोगांची एकत्र लस असते ती सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांनी परत परत द्यावी लागते, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत, कारण आईच्या दुधातून आलेलं संरक्षण असतं तोवर लस नीट लागू पडत नाही आणि ते नक्की कधी संपतं ते कुणालाच बाहेरून दिसत नाही. रेबीजची साधारण तीन महिन्यांना. पिसवांसाठी व्हेट देतील तेच औषध, शेजारच्यांच्या कुत्र्याचे उरलेले ड्रॉप्स अजिबात नाही, त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विष आहे. काही गुंतागुंतीचं झालं आणि मोठ्या ठिकाणी दाखवायला सांगितलं तर आणंदचं व्हेटर्नरी कॉलेज काही फार लांब नाही.

दूध बंद. मला माहितीये सासूबाईंना हे पटणार नाही, मांजर आणि दूध ही जोडी आपण पाळण्यातल्या गाण्यांपासून ऐकत आलोय, पण आईचं दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांना गाई-म्हशीच्या दुधातली साखर पचत नाही, जुलाब त्यानेच होत असतील (जंतांनीही होऊ शकतात, म्हणून ती डबी). पाणी आणि किटन फूड, ओलं-सुकं मिळून दिवसातून चार वेळा थोडं थोडं. दूधभातावर किंवा नुसत्या उकडलेल्या चिकनवर पिल्लू जगेल पण हाडं धड व्हायची नाहीत. बंडूने तिचं खाणं पळवलं तर चालतं एखाद्या वेळी, फक्त जाडा होईल. तिने बंडूचं मोठ्यांचं खाणंच रोज खाल्लं तर मात्र तिला पुरायचं नाही.

हो, आणि ती भाटीच आहे, जवळजवळ खात्रीने. केशरी रंगाचं जनुक एक्स क्रोमोसोमवर असतं, एकाच अंगावर केशरी आणि काळा दोन्ही दिसायला दोन एक्स लागतात, म्हणून तीन रंगांचा बोका हजारोंत एखादा. तेव्हा नाव बदलायची गरज नाही. पण मग चार-पाच महिन्यांची झाली की ऑपरेशनची तारीख घ्या, भाटी चार महिन्यांतसुद्धा माजावर येऊ शकते आणि दांडिया बाजारातले बोके काही कार्ड बघून येत नाहीत. तुमच्या बाजूने चांगली गोष्ट अशी की ऑपरेशन झालेला शांत बोका आणि लहान भाटी ही जोडी त्यातल्या त्यात सोपी असते, दोन मोठी अनोळखी मांजरं असती तर मी इतकं बिनधास्त लिहिलं नसतं.

आता वास. सासूबाईंच्या जुन्या सुती साडीचे दोन तुकडे घ्या. एक बंडूच्या गालांवरून हळूच फिरवा, तो झोपाळू असताना, एक चिंगीच्या. चिंगीचा तुकडा बंडूच्या वाटीजवळ नाही, वाटीपासून चार-पाच फुटांवर ठेवा आणि त्याचं आवडतं काहीतरी द्या, ते नळीतलं चाटायचं क्रीमचं ट्रीट मिळतं ना तेच. हुंगून पुढे गेला, उत्तम, उद्या थोडं जवळ. तुकड्यावरच फिस्कारला तर लांब न्या, दोन दिवस जाऊ द्या, चिडायचं नाही. हे काम मी सासूबाईंना देईन. एक तर बंडूचा जीव त्यांच्यावर आहे, आणि दुसरं म्हणजे भांडून भांडून होईल सवय म्हणणाऱ्या माणसाला काम दिलं की ते मत आपोआप मऊ पडतं, हा माझा बऱ्याच घरांतला अनुभव. त्यांचं म्हणणं का चुकतं ते पण सांगते: मांजरांच्यात हरलेलं मांजर दबून राहतं, सवय होत नाही त्याला, ते कपाटावरच राहायला लागतं, गादीवर मुततं, आणि एकदा खरी मारामारी झाली की दोघांनाही एकमेकांना बघितलं की तेच आठवतं.

तुकडा नॉर्मल झाला आणि वेगळं ठेवायचे दोन आठवडे संपले की खोल्यांची अदलाबदल. चिंगीला बाथरूममध्ये किंवा कॅरियरमध्ये ठेवून बंडूला तिच्या खोलीत अर्धा तास हुंगू द्या, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी चिंगीला बाकी घर, बंडू सासूबाईंबरोबर आत. आणि रोजचं जेवण बंद दाराच्या दोन्ही बाजूंना, सुरुवातीला दारापासून सहा-सात फूट लांब, मग रोज वीतभर पुढे, जिथे बंडू खाणं थांबवून दाराकडे टक लावेल तिथून एक पाऊल मागे. दाराच्या पलीकडे ती आहे हे त्याला पूर्ण माहीत असतं, तुम्ही फक्त तिचा वास आला की चांगलं खायला मिळतं एवढं जुळवून देताय. बाकी काही नाही, पण हे कंटाळवाणं आहे आणि इथेच बहुतेक लोक घाई करतात, पाचव्या दिवशी दार उघडतात की बघू तर काय होतंय. नका बघू.

दोन आठवडे झाले, व्हेटने हिरवा कंदील दिला, दाराशी दोघं शांत जेवायला लागले, मग दिसणं. तुमच्या जुन्या घरात डासांचा जाळीचा दरवाजा असेलच कुठल्यातरी खोलीला, नसेल तर सुताराकडून साधी चौकट करून घ्या, फार खर्च नाही. आधी जाळीवर चादर टाका, खालून चार बोटं वर, मग रोज थोडी अजून. दोघं लांब, दोघांना खाणं, पाच मिनिटं, बस. इथे फिस्कारणं होईल, आणि ते होऊ द्या. फिस्कारणं म्हणजे लांब राहा एवढाच निरोप आहे, त्यावर ओरडायचं नाही, पाणी तर मुळीच उडवायचं नाही, नाहीतर त्याच्या डोक्यात बसतं की ही पोर दिसली की आपल्यावर पाणी पडतं. मला काळजी वाटते ती शांत टक लावण्याची. कान मागे चिकटलेले, अंग ताठ, शेपटीचं टोक तेवढं हलतंय आणि नजर हलत नाही, हे दिसलं की मध्ये पुठ्ठा सरकवून नजर तोडा आणि त्या दिवशी संपवा. कान सरळ, डोळे मिचकावतोय, तोंड फिरवून पंजा चाटायला लागला, म्हणजे बरं चाललंय.

मग एकत्र. त्याच्या आधी चिंगीला पंधरा मिनिटं काठीला बांधलेल्या पिसाच्या मागे पळवून दमवा, कारण खरा प्रॉब्लेम पुढे बंडूचा नसतो, पिल्लाचा असतो, दोन महिन्यांच्या पोरीला हलणारी शेपूट दिसली की ती झेपावणारच आणि सहा वर्षांच्या माणसाला (बोक्याला) ते नको असतं. दोन मोठी माणसं हजर, मुलाला सांगा हात मध्ये घालायचा नाही, जवळ मोठा पुठ्ठा किंवा जाड उशी ठेवा. पहिल्यांदा पाच मिनिटं आणि सगळं छान चालू असतानाच थांबवायचं, बिघडायची वाट नाही बघायची. बंडूने एखादी चापट मारली, नखं आत ठेवून, तर ते शिकवणं आहे, चिंगीला आईने शिकवायचं राहिलंय ते. खेळ आणि भांडण कसं ओळखायचं हे सगळे विचारतात, तर खेळात आवाज जवळजवळ नसतो आणि पाळी बदलते, एकदा हा वर एकदा ती, मध्येच थांबून परत सुरू. ओरडणं, केस उडणं, एकच जण सारखा पळतोय आणि दुसरा कोपऱ्यात गाठतोय, हे भांडण. तसं झालं तर जाळीवर परत, दोन-चार दिवस. तुम्ही घरात नसताना आणि रात्री मात्र दोघं वेगळीच, पुढचे बरेच आठवडे.

घराची थोडी मांडणी बदला. दोन मांजरांना तीन लिटर ट्रे, आणि तिन्ही एका ओळीत नकोत, नाहीतर मांजराच्या हिशोबात तो एकच ट्रे, कारण वाटेत एक जण बसला की तिन्ही बंद. पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी. बंडूचं कपाट त्याचंच राहू दे, उलट वर जुनं पांघरूण टाका आणि मधे एखादं स्टूल ठेवा म्हणजे चढ-उतार सोपी होईल, चिंगी सध्या तिथे पोचत नाही हा त्याचा हक्काचा आराम आहे. झोपाळ्याचं मात्र बघा, पिल्लं चालत्या झोपाळ्याखाली जातात, कड्यांशी खेळतात, चिंगी बाहेर असेल तेव्हा झोपाळा बांधून ठेवा किंवा सासूबाईंनी खाली बघून झोका घ्यायचा.

उत्तरायणचं बरं केलंत विचारलंत. १४ आणि १५ जानेवारीला तुमच्याकडे प्रत्येक गच्चीवर स्पीकर, पिपाण्या, लपेट लपेटचा आरडाओरडा आणि अंधार पडला की फटाके, तेव्हा त्या दोन दिवसांत, आणि आधीच्या एक-दोन दिवसांत, काहीही नवीन करायचं नाही. जाळीपर्यंत पोचला असाल तरी दार बंद करून टाका. घाबरलेलं मांजर ज्याच्यामुळे घाबरलं त्याच्यावर नाही, जे समोर दिसेल त्याच्यावर तुटून पडतं, फटाका वाजला आणि समोर चिंगी असली तर तुमची तीन आठवड्यांची मेहनत दोन मिनिटांत जाईल. दोघांना दोन आतल्या खोल्यांत, खिडक्या बंद, पंखा चालू, लपायला जागा. आणि दोरा! मांज्याचे तुकडे महिनाभर गच्चीवर, जिन्यात, चपलांना चिकटून घरात येत राहतात, मांजराची जीभ खरखरीत असते आणि तिचे काटे घशाकडे वळलेले, एकदा दोरा तोंडात गेला की तो आतच ओढला जातो आणि आतड्यांना गोळा करून कापतो. गच्चीवरून येणाऱ्याने दाराबाहेर कपडे झटकायचे, फिरकी कपाटात. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, कितीही सोपं वाटलं तरी, तसंच उचलून व्हेटकडे.

किती दिवस, तर महिना धरा, दोन लागले तरी घाबरू नका. जमेल का, तर तुम्हाला हवंय तसं, एकमेकांच्या कुशीत झोपलेले वगैरे, ते कदाचित होणारच नाही, आणि माझ्या मते ते होण्याची गरजही नाही. एक झोपाळ्यावर, एक सोफ्यावर, दोघं आपापलं खाताहेत, ट्रेमध्ये जाताहेत, रस्त्यात भेटले तर बाजूने निघून जाताहेत, इतकं झालं की झालं. आणि दीड-दोन महिने सगळं नीट करूनही बंडू खात नसेल, लपूनच राहत असेल, जखमा होत असतील तर चिंगीसाठी दुसरं घर बघा, लस आणि ऑपरेशन करून, ओळखीतलं, लहान आहे तोवर घर सहज मिळतं. मिस्टर म्हणताहेत तसं पार्किंगमध्ये परत सोडणं मात्र नाही, आता ती माणसाळलीय, आणि तिची आई तिथे थांबलेली नाही.

फेब्रुवारीच्या लग्नाला दोघांना घेऊन जाऊ नका आणि कुणाच्या घरी पण ठेवू नका, एवढं जुळत आलेलं परक्या वासात बिघडेल. घरीच राहू द्यात, दोन वेगळ्या खोल्यांत, आणि ओळखीतलं कुणीतरी सकाळ-संध्याकाळ येऊन खाणं-पाणी-ट्रे बघेल असं बघा, दिवसातून एकदा येऊन भागणार नाही कारण चिंगी लहान आहे. ज्यांच्याकडे किल्ली द्याल त्यांना जायच्या आधी दोनदा घरी बोलवून बंडूला त्यांचा वास माहीत करून द्या, व्हेटचा नंबर फ्रिजवर लावा, आणि आधी कुठलं दार बंद करायचं आणि मग कुठलं उघडायचं ते कागदावर लिहून त्या दारावरच चिकटवा, कारण फोनवर सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.